अर्धवट नसबंदीने मांजरं कमी होत नाहीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मोकाट मांजरांचा विषय निघाला की दोन उपाय ऐकू येतात. एक, पकडून लांब सोडून या. दोन, नसबंदी करून घ्या. पहिल्याने काही साधत नाही. खाणं आणि आडोसा जागच्या जागी राहतो, त्यामुळे मोकळ्या झालेल्या जागेत आजूबाजूची मांजरं शिरतात. नेऊन सोडलेली बिचारी परक्या ठिकाणी उपाशी मरतात, वाहनाखाली जातात, नाहीतर परतीची वाट धरतात. दुसरा उपाय लागू पडतो, पण बहुतेक ठिकाणी तो ज्या पद्धतीने होतो त्या पद्धतीने नाही. हाती लागली ती तीन-चार मांजरं नेली, ऑपरेशन उरकलं, आणि विषय संपला. पुढच्या वर्षी पिल्लं पुन्हा तेवढीच. मग 'नसबंदीचा काही उपयोग नाही' म्हणायला लोक मोकळे!

हिशोब बघा. भाटी चार-पाच महिन्यांची झाली की माजावर येऊ शकते. गर्भकाळ 63 ते 65 दिवसांचा, एका वेताला साधारण चार पिल्लं, आणि पिल्लं अंगावर पीत असतानाच भाटी पुन्हा गाभण राहू शकते. बोके सापळ्यात चटकन येतात म्हणून आधी तेच धरले जातात, पण नसबंदी न झालेला एकच बोका सगळ्या भाट्यांना पुरतो. गटाची संख्या घटायला किती मांजरांची नसबंदी झालेली हवी, याचा हिशोब अमेरिकेतल्या दोन परगण्यांच्या आकडेवारीवरून 2005 साली मांडला गेला. उत्तर आलं 71 ते 94 टक्के. म्हणजे पाच गटांतली थोडी थोडी मांजरं करण्यापेक्षा एकाच गटाची नसबंदी पुरती उरकावी आणि मग पुढच्याकडे वळावं.

त्यासाठी आधी यादी लागते, आणि नेमकी तीच कोणी करत नाही. दोन आठवडे ठरल्या वेळी, ठरल्या जागी खाणं ठेवा आणि अर्ध्या तासात उचला. मांजरं वेळेवर जमायला लागतात आणि मोजता येतात. प्रत्येकाचा फोटो, रंग, अंदाजे वय लिहून ठेवा. काळा-केशरी-पांढरा असा तिरंगी अंगरंग दिसला की ती जवळजवळ नेहमीच भाटी असते, कारण केशरी रंगाचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. ओघळलेली आचळं आणि भोवतीचे झडलेले केस दिसले तर ती लेकुरवाळी आहे, तिच्या नावापुढे खूण करा. ऑपरेशनची तारीख पक्की झाल्याशिवाय सापळा लावू नये. रात्रभर मांजर कोंडून सकाळी डॉक्टर शोधत फिरणं हा त्या जिवाचा छळ आहे.

सापळे मांजरांच्या संख्येपेक्षा एक-दोन जास्तच आणा. लांबी 75 ते 90 सेंटिमीटर असावी. आखूड सापळ्यात दार शेपटीवर पडतं, किंवा मागचा भाग बाहेरच राहून मांजर निसटतं. आधी काही दिवस दार उघडं बांधून ठेवून आतच खायला घाला, म्हणजे भीती मोडते. पकडायच्या आदल्या दिवशी मोठ्यांचं खाणं बंद, पण पाणी बंद करायचं नाही. आसपासच्या प्रत्येक खाऊ घालणाऱ्याला हे सांगावं लागतं. एका दयाळू माणसाने त्या संध्याकाळी ताट ठेवलं की पोट भरलेलं मांजर सापळ्याकडे ढुंकूनही बघत नाही.

तळाला वर्तमानपत्राची घडी अंथरा (संपादक महाशयांनी राग मानू नये), म्हणजे पंजाला जाळी टोचत नाही. कागद वाऱ्याने फडफडू नये आणि पाय पडल्यावर दार पाडणाऱ्या पट्टीखाली अडकू नये. तसं झालं तर मांजर आत जातं, जेवतं आणि निवांत बाहेर येतं. आमिष पट्टीच्या पलीकडे, अगदी मागच्या टोकाला ठेवा. तेलातला डबाबंद मासा उत्तम, वास लांबवर जातो. दारापासून आत तेलाचे दोन-चार थेंब पुरेत. वाटेत घास ठेवले तर तेवढ्यावर भागवून ते माघारी फिरतं. काचेची किंवा चिनी मातीची वाटी आत नको, धडपडीत फुटते. सापळा सपाट, घट्ट जमिनीवर ठेवा. पाय ठेवताच डगमगला तर ते मांजर पुन्हा फिरकत नाही.

दार पडताच मांजर जाळीवर उसळ्या मारतं आणि नाक सोलपटून घेतं. लगेच वरून जाड चादर टाका. अंधार झाला की बहुतेक मांजरं शांत बसतात. उचलायचं ते त्यानंतरच. सापळा लावून घरी जाऊन बसू नये: ऊन, पाऊस, कुत्री, कशाचा भरवसा नाही. आधीच कान कापलेलं, म्हणजे नसबंदी झालेलं, मांजर आलं तर तिथल्या तिथे सोडा. आत हात घालायचा नाही, मांजर हाताने दुसऱ्या पिंजऱ्यात हलवायचं नाही. सापळ्याला सरावलेल्या हुशार मांजरासाठी काठीवर टेकवलेला जाळीचा मोठा खोका आणि दुरून ओढायची दोरी लागते. दोरी आपल्या हातात असल्याने हवं तेच मांजर आत असताना ओढता येते.

भुलीचं इंजेक्शन सापळ्यातच, जाळीतून देतात. विरघळणारे टाके घालायला सांगा, नाहीतर टाके काढायला तेच मांजर पुन्हा पकडायचं कोणी? रेबीजची लस त्याच वेळी द्यावी. हे जनावर पुन्हा हाती लागेलच असं नाही. भूल असतानाच डाव्या कानाचं टोक सुमारे एक सेंटिमीटर सरळ कापतात. यावर लोक हळहळतात. पण नुसती खाच मारली तर ती भांडणात फाटलेल्या कानासारखी दिसते, आणि खूण लांबून ओळखता आली नाही तर त्याच भाटीला पुन्हा भूल, पुन्हा चिरा.

भुलीत अंगाची ऊब उतरते, म्हणून रात्री सापळा उबदार, बंद खोलीत, झाकून ठेवावा. पूर्ण शुद्ध आल्याशिवाय खायला देऊ नका. बोके दुसऱ्या दिवशी सोडता येतात, भाट्यांना 24 तास तरी ठेवावं. लेकुरवाळीला मात्र शुद्धीवर आल्यावर जितक्या लवकर सोडता येईल तितकं बरं, पिल्लं उपाशी असतात. ऑपरेशनने दूध आटत नाही. रक्त वाहत असेल, सारख्या उलट्या होत असतील किंवा गुंगी उतरत नसेल तर सोडायचं नाही, डॉक्टरकडे न्यायचं. सोडायचं ते पकडलं त्याच जागी, दाराचं तोंड रस्त्याच्या उलट बाजूला करून. बोक्यांची प्रजननक्षमता काही आठवडे टिकू शकते, तेव्हा मधल्या काळात भाटी गाभण राहिली तर डॉक्टरला बोल लावू नये.

आठ आठवड्यांच्या आतली पिल्लं माणसाळतात, त्यांना घरं शोधावीत. साधारण एक किलो वजन भरलं की त्यांचंही ऑपरेशन होतं. मोठ्या रानटी मांजराला माणसाळवण्याच्या फंदात पडू नये.

उतार हळूहळूच दिसतो. अमेरिकेतल्या सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठाच्या आवारात 1991 पासून अकरा वर्षांत 155 मांजरांची नोंद झाली. 1995 नंतर तिथे नवं पिल्लू दिसलं नाही, आणि 1996 मधली 68 मांजरं 2002 पर्यंत 23 वर आली. अर्थात त्यातल्या जवळजवळ निम्म्यांना घरं मिळाली होती, नुसत्या नसबंदीला सगळं श्रेय देता येत नाही. रोममध्ये दहा वर्षांत सुमारे आठ हजार मांजरांची नसबंदी झाली, संख्याही घटली. पण गटांत सुमारे 21 टक्के मांजरं बाहेरून येत राहिली, काही आपणहून, काही लोकांनी आणून टाकलेली. घरातल्या मांजराची नसबंदी न करणारे आणि पिल्लं गुपचूप सोडून येणारे यांनी हा आकडा वाचावा. आणि एक मर्यादा: परत सोडलेलं मांजर शिकार थांबवत नाही. जमिनीवर घरटी करणाऱ्या दुर्मीळ पक्ष्यांच्या जागी हा उपाय सुचवू नये.

ऑपरेशनं झाल्यावरही ती यादी फाडू नका. रोज खाऊ घालणाऱ्यांपैकी एकाने ती सांभाळावी आणि साबूत कानाचा नवा चेहरा दिसला की आठवडा-दोन आठवड्यांत सापळा लावावा. ज्यांच्याने पकडापकडी होणार नाही, त्यांनी फोटो आणि नोंदींचं काम घेतलं तरी सापळा लावणाऱ्यांचा निम्मा वेळ वाचतो.

आपला,
एक वाचक