यॉर्कटाउन झाडाआडून जिंकलेले नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या घोषणेला अडीचशे वर्षे होत असल्याच्या निमित्ताने आपल्या रविवार पुरवणीत आलेला लेख वाचला. लेख रंजक आहे. पण नांगर सोडून आलेल्या शेतकऱ्यांनी झाडाआडून नेम धरून इंग्रजांची लाल डगल्यांची फौज गारद केली, असा त्याचा एकूण सूर आहे. गनिमी काव्याच्या कथांवर वाढलेल्या आपल्याला हे चटकन पटते. ज्यांनी वर्षानुवर्षे हे युद्ध अंगावर रेटले ते वॉशिंग्टनच्या कॉन्टिनेंटल, म्हणजे कायम कवायती सैन्यातले शिपाई मात्र लेखात औषधालाही सापडत नाहीत.

१९ एप्रिल १७७५ रोजी काँकॉर्डहून बोस्टनला परतणाऱ्या इंग्रज तुकड्यांना गावकऱ्यांनी वाटेत भाजून काढले, हे खरे. पण दोनच महिन्यांनी बंकर हिलच्या लढाईत इंग्रजांची हजारावर माणसे मेली वा जखमी झाली, तरी टेकडी त्यांनीच घेतली. बचाव करणाऱ्या अमेरिकनांची बंदुकीची दारू संपली आणि संगिनी फारच थोड्यांकडे होत्या. लेखकाने जिचे कौतुक केले आहे त्या लांब नळीच्या रायफलची अडचण हीच होती. तिचा पल्ला मस्केटपेक्षा, म्हणजे त्या काळच्या साध्या बंदुकीपेक्षा, कितीतरी मोठा, पण ती भरायला वेळ लागे आणि तिला संगीन बसत नसे. म्हणून १७७७ साली साराटोगाच्या लढाईत अमेरिकन सेनानी डॅनियल मॉर्गनच्या नेमबाजांच्या सोबत डिअरबॉर्नचे संगीनवाले पायदळ दिलेले होते.

नुसत्या हौशी सैनिकांच्या भरवशावर काय होते, ते १६ ऑगस्ट १७८० रोजी कॅम्डेनच्या लढाईत दिसले. इंग्रज संगिनी रोखून पुढे येताच मिलिशियाची, म्हणजे गरजेपुरत्या जमवलेल्या गावकरी सैनिकांची, फळी फुटली. अमेरिकन सेनापती गेट्स घोड्यावर बसून जे सुटले ते त्याच दिवशी सुमारे ६० मैलांवरच्या शार्लटला पोचले! मैदानात उरले मेरीलँड आणि डेलावेअरचे कॉन्टिनेंटल शिपाई आणि त्यांचा जर्मन वंशाचा सेनानी डी काल्ब. अनेक जखमा होऊन तो पडला आणि नंतर मरण पावला.

पाच महिन्यांनी, १७ जानेवारी १७८१ रोजी, काउपेन्सला मॉर्गनने याच मिलिशियाकडून काम करून घेतले, ते तिची मर्यादा ओळखून. 'दोन फैरी झाडा आणि मागे या', एवढेच त्यांच्याकडून मागितले. त्यांच्या मागे हॉवर्डच्या हाताखालची कवायती फळी उभी केली, उताराआड घोडदळ ठेवले. पाठीशी काही मैलांवर ब्रॉड नदी होती. पळायला वाट नाही हे मिलिशियाला कळलेलेच बरे, असा त्याचा हिशेब. मिलिशिया मागे सरताच इंग्रज सेनानी टार्लटनला वाटले, कॅम्डेनच पुन्हा होणार. त्याचे लोक फळी मोडून धावत आले आणि हॉवर्डच्या शिपायांनी मागे वळून अगदी जवळून गोळ्या घातल्या, मग संगिनी चालवल्या. टार्लटनचे शंभरावर लोक ठार झाले, सातशेच्या वर कैद झाले. सबंध युद्धातली ही सर्वांत देखणी लढाई, आणि लेखात तिचा उल्लेखही नाही.

या कॉन्टिनेंटल शिपायांना मी पगारी म्हणालो असतो, पण पगार मिळायचाच कुठे? १ जानेवारी १७८१ रोजी मॉरिसटाउनच्या छावणीत पेनसिल्व्हेनियाच्या पलटणींनी त्यासाठीच बंड केले. इंग्रजांनी फितवायला हेर पाठवले, तेव्हा बंडवाल्यांनीच त्यांना पकडून दिले. हेर फासावर गेले.

यॉर्कटाउनच्या निर्णायक वेढ्याबद्दल लिहिताना लेखकाने फ्रेंचांना एका वाक्यात गुंडाळले आहे. ५ सप्टेंबर १७८१ रोजी दी ग्रासच्या फ्रेंच आरमाराने चेसापीकच्या तोंडाशी इंग्रज आरमाराला अडवले नसते, तर वेढ्यात अडकलेला इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिस समुद्रमार्गे निसटला असता. जमिनीवरही सेनापती रोशांबोचे हजारो फ्रेंच सैनिक वेढा घालणाऱ्यांत होते. १४ ऑक्टोबरच्या रात्री इंग्रजांचे दोन बुरूज घेतले गेले, एक फ्रेंचांनी आणि एक अमेरिकन अधिकारी हॅमिल्टनच्या शिपायांनी. हॅमिल्टनच्या लोकांच्या बंदुका रिकाम्या होत्या आणि सगळे काम संगिनीने झाले.

शेवटी एक दुरुस्ती. १९ ऑक्टोबरला शरण येताना कॉर्नवॉलिसने वॉशिंग्टनच्या हाती तलवार दिली, असे लेखात म्हटले आहे, ते चूक आहे. आजारपणाचे कारण सांगून तो आलाच नाही. त्याचा दुय्यम ओहारा आला आणि वॉशिंग्टनने त्याला आपल्या दुय्यमाकडे, जनरल बेंजामिन लिंकनकडे वळवले. हाच कॉर्नवॉलिस १७८६ साली गव्हर्नर जनरल होऊन हिंदुस्थानात आला. मे १७९१ मध्ये टिपू सुलतानाच्या श्रीरंगपट्टणापुढून उपाशी फौज घेऊन, बैल मेल्यामुळे वेढ्याच्या तोफा नासवून तो मागे फिरत होता, तेव्हा मराठे सरदार हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन त्याला येऊन मिळाले आणि मराठ्यांच्या छावणीतल्या बाजारात त्याच्या शिपायांना धान्य मिळाले. पुरवणीत पुढचा भाग येणार असेल, तर आमच्या भागातल्या वाचकांना तो प्रसंग वाचायला आवडेल.

आपला,
एक वाचक, सांगली