कंपोस्टच्या ढिगात कुजणारा कागद शेतात कुजत नाही

महोदय,

कालच्या अंकातला मल्चिंग पेपरवरचा लेख वाचला. मल्चिंग पेपर म्हणजे तण रोखायला आणि ओल टिकवायला बेडवर (गादीवाफ्यावर) अंथरतात ती पातळ प्लॅस्टिकची पट्टी; आम्ही तिला कागदच म्हणतो. प्लॅस्टिकमुळे जमिनीची वाट लागते, हे त्यात लिहिलंय ते खरंच आहे. पण ‘शेतकऱ्यांनी कंपोस्टेबल (कुजून खत होणाऱ्या) कागदाकडे वळावं’ एवढा सल्ला देऊन लेखक मोकळे झाले, याचा मनस्वी राग आला. याच सल्ल्यापायी आमचे पैसे मातीत गेलेत.

मागच्या उन्हाळी मिरचीला तालुक्यातल्या एका दुकानातून ‘आपोआप विरघळणारा’ म्हणून हा कागद आणला. दर साध्या, प्लॅस्टिकच्या कागदाच्या दुपटीहून जास्त. तोडे सुरू व्हायच्या आतच, बेडच्या कडेला जिथे कागद मातीत दाबतात, तिथे तो चिरत गेला. वळवाचं वारं सुटलं तसे पट्टेच्या पट्टे शेजारच्या उसात जाऊन अडकले. उघड्या बेडवर लव्हाळा माजला, खुरपणीची मजुरी अंगावर पडली. मधला कागद मात्र शाबूत! तो ट्रॅक्टरने रोटर मारून मातीत गाडला, तर पुढे कांदा काढताना तळहाताएवढे तुकडे निघाले. दुकानदाराने आयएस 17088 चं, म्हणजे कंपोस्टेबल प्लॅस्टिकच्या भारतीय मानकाचं, प्रमाणपत्र पुढे केलं. ते खोटं नाही, पण ती परीक्षा कंपोस्टच्या ढिगातली, 58 अंशांच्या आसपासच्या उष्णतेतली. थंडीत आमच्या मातीत त्याच्या निम्मीही ऊब नसते. मातीत कुजणाऱ्या मल्चिंगसाठी युरोपात 2018 पासून ईएन 17033 हे वेगळं मानक आहे. त्यात 2 वर्षांत 90 टक्के विघटन व्हावं लागतं, तेही प्रयोगशाळेत 25 अंशांच्या आसपास ठेवलेल्या मातीत. लेखात हे एका ओळीत तरी यायला हवं होतं.

मी प्लॅस्टिकची बाजू घेत नाही. जुन्या प्लॉटमध्ये रोटरच्या दांड्याला काळ्या-चंदेरी चिंध्यांचा पिळा बसतो, तो विळ्याने कापून काढावा लागतो. टोमॅटोचं झाड उपटलं तर मूळ चिंधीपाशी आडवं वळलेलं दिसतं. पण तण आणि पाणी सांभाळायला मल्चिंग लागतंच. मग निदान कागद जाड तरी द्या, म्हणजे हंगाम संपल्यावर तो अखंड उचलता येईल. शहरातल्या पिशवीला 2022 च्या अखेरीपासून किमान 120 मायक्रॉन जाडीची अट आहे. आमच्या बेडवर 25 मायक्रॉनचा कागद येतो आणि ओढला की हातात चिंध्याच राहतात. राज्यात 2018 ला प्लॅस्टिकबंदी झाली, तीतून शेतीचं प्लॅस्टिक वगळलं. अंथरायला अनुदान आहे, पण गोळा करून न्यायला कोणी येत नाही. मातीने लडबडलेला कागद भंगारवालाही घेत नाही. शेवटी लोक बांधावर पेटवून देतात आणि तो धूर वस्तीवर येतो.

आणि शहरातून येणाऱ्या कचऱ्याच्या खताबद्दल कोणी का लिहीत नाही? आम्ही घेतलेल्या ट्रॉलीत शाम्पूच्या पुड्या निघाल्या, दुधाच्या पिशव्यांचे कोपरे निघाले. घरची माणसं बसून ते वेचत होती. आम्ही एकीकडे कागद वेचायचा आणि दुसरीकडे पैसे देऊन तुमचं प्लॅस्टिक रानात आणायचं, हे कुठवर चालायचं? पुढचा लेख त्यावर येऊ द्या.

– एक टोमॅटो उत्पादक, ओतूर (ता. जुन्नर, जि. पुणे)