‘सरासरीपेक्षा अधिक’ म्हणजे कोठे आणि किती?

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

फेब्रुवारी सरता सरता भारतीय हवामान विभाग मार्च ते मे या तीन महिन्यांचा तापमानाचा अंदाज प्रसिद्ध करतो आणि दुसऱ्या दिवशी आपल्या दैनिकासह बहुतेक वृत्तपत्रांत ‘यंदा उन्हाळा कडक’ अशा अर्थाचा मथळा येतो. मथळा खोटा नसतो. पण तो साऱ्या राज्याला एकच असतो, आणि माझी तक्रार तेवढीच आहे. माझे माहेर रत्नागिरी तालुक्यातले, सासर जुन्नरकडचे आणि संसार गेली तीस वर्षे पुण्यात, त्यामुळे त्या एका बातमीचा अर्थ दोन्हीकडच्या मंडळींना दरवर्षी फोनवर निरनिराळा सांगण्याचे काम माझ्याकडे येते.

‘सरासरीपेक्षा अधिक’ हे शब्द, मुळात सरासरी किती हे ठाऊक असेल तरच उपयोगाचे. एप्रिलमध्ये पुण्याचे सरासरी कमाल तापमान ३८ अंशांच्या आसपास असते. रत्नागिरीचे ३२च्या घरात असते आणि महाबळेश्वरचेही ३२च्याच घरात. आकडा एक असला तरी रत्नागिरीत त्या बत्तिसात अंगावरचा घाम वाळत नाही आणि रात्रीही पारा चोविसाच्या खाली सहसा उतरत नाही, तर समुद्रसपाटीपासून तेराशे मीटरहून उंच असलेल्या महाबळेश्वरात सूर्य कलला की हवा सुखाची होते. या दोन गावांत तापमान दोन अंशांनी वाढले, तर त्याचा परिणाम सारखा होईल असे कोण म्हणेल?

हवामान विभागाच्या मांडणीत महाराष्ट्राचे चार उपविभाग आहेत : कोकण-गोवा, मध्य महाराष्ट्र, मराठवाडा आणि विदर्भ. यांपैकी मध्य महाराष्ट्रात मे महिन्यात ४४ अंशांपर्यंत तापणारे जळगाव येते आणि महाबळेश्वरही येते. पावसाळ्यात मात्र हाच विभाग पुणे, सातारा आणि कोल्हापूर जिल्ह्यांच्या घाटमाथ्यासाठी वेगळे इशारे देतो आणि आपणही ते ठळकपणे छापता. मग पावसाळ्यात वेगळा काढलेला घाटमाथा उन्हाळ्याच्या बातमीत जिल्ह्याच्या सपाटीत का मिसळून जातो, हे मला कधी उमगलेले नाही. वास्तविक वणव्यांची भीती आणि आटणारे झरे यांमुळे मावळ-मुळशीच्या वरच्या वाड्यांना मार्च-एप्रिलमधल्या उष्णतेची चाहूल आम्हा शहरवासीयांपेक्षा अधिक अगोदर लागायला हवी.

किनाऱ्याची गोष्ट तर आणखी निराळी आहे. तेथील उन्हाळा सुसह्य ठेवतात ते दुपारी समुद्रावरून येणारे खारे वारे. मार्चमध्ये पूर्वेकडचे वारे जोरात असले की खारे वारे उशिरा सुरू होतात, आणि घाटावरून खाली उतरणारी कोरडी हवा दाबली जाऊन दर शंभर मीटरला सुमारे एक अंशाने तापत जाते. म्हणूनच कधी कधी किनाऱ्याचा पारा पुण्याच्याही वर चढल्याचे आपण वाचतो. आंब्याच्या बागायतदाराला धास्ती असते ती अशाच चार-दोन दिवसांची. त्या दिवसांत कैरी गळते, उन्हाकडचे फळ भाजते, आणि मग तीन महिन्यांची सरासरी अगदी नेहमीसारखी राहिली तरी हंगाम हातचा जातो.

उष्णतेच्या लाटेचे निकषही भूभागानुसार बदलतात, हे बातमीत क्वचितच सांगितले जाते. कमाल तापमान सपाटीवर किमान ४०, किनाऱ्यावर ३७ आणि डोंगराळ भागात ३० अंशांवर जाऊन शिवाय सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी किंवा त्याहून अधिक वाढलेले असेल, तर लाट मानली जाते. मात्र या निकषांत दमटपणा मोजलेला नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या उघड्या मैदानावरील समारंभात उष्माघाताने १४ जणांचे प्राण गेले, तेव्हा पारा चाळिशीलाही पोहोचलेला नव्हता. पुण्याच्या कोरड्या उन्हात वाढलेल्या माणसाला ३८ हा आकडा ओळखीचा आणि म्हणून निरुपद्रवी वाटतो. किनाऱ्यावर तो तसा नसतो.

आता आमच्या खोऱ्याकडे वळते. पुण्याचा उन्हाळा दिवसा चढतो आणि रात्री उतरतो, असे जुने पुणेकर अभिमानाने सांगत. ते आजही पाषाण-शिवाजीनगरकडे बऱ्याच अंशी खरे आहे, परंतु कोरेगाव पार्क आणि मगरपट्टा येथील किमान तापमान त्याच रात्री कित्येकदा चार-पाच अंशांनी अधिक नोंदले जाते. हवामान विभागाच्या मूळ निवेदनात किमान तापमानाचा स्वतंत्र नकाशा असतो. तो बातमीपर्यंत येता येता गळून पडतो आणि उरतो तो फक्त दुपारचा पारा. पत्र्याच्या छपराखाली झोपणाऱ्यांसाठी या दोहोंपैकी कोणता नकाशा महत्त्वाचा, हे मी सांगायला नको. जुन्नर-नारायणगावकडे तर तापमानापेक्षाही वळिवाची आणि गारांची चिंता मोठी असते, कारण त्या सुमारास द्राक्षे वेलीवर असतात आणि उन्हाळी कांदा बराखीत, म्हणजे साठवणीच्या चाळीत, पोहोचलेला नसतो.

हवामान विभागाला दोष देण्याचा माझा हेतू नाही. हा अंदाज ज्या संगणकीय प्रारूपावर बेततात, ते नकाशाचे चौकोन पाडून हिशेब करते; असा एक चौकोन सुमारे ३८ किलोमीटरचा असतो, आणि सह्याद्रीचा कडा त्याहून कितीतरी अरुंद असल्याने त्या चौकोनात तो जवळजवळ सपाट होऊन जातो. तीन महिने आधी घाटातल्या ताम्हिणीचा आणि सपाटीवरच्या दौंडचा वेगळा आकडा मागणे म्हणजे शास्त्रज्ञांना ज्योतिष सांगायला लावण्यासारखे होईल. (१९२८ मध्ये मुख्यालय सिमल्याहून येथे आले, म्हणून ज्या कचेरीला पुणेकर अजूनही ‘सिमला ऑफिस’ म्हणतात, तेथेच हे काम चालते; शहराला त्याची फारशी जाणीव नसावी याचे मात्र वाईट वाटते.)

जे शास्त्रज्ञांना शक्य नाही ते वृत्तपत्राला काही प्रमाणात शक्य आहे. अंदाजाच्या बातमीशेजारी रत्नागिरी, महाबळेश्वर, पुणे, सोलापूर आणि जळगाव या पाच ठिकाणांची मार्च, एप्रिल व मेची सरासरी कमाल आणि किमान तापमाने एका छोट्या चौकटीत छापावीत. लाटेचा निकष त्या त्या गावापुढे द्यावा आणि ‘शक्यता’ या शब्दापुढे टक्केवारी असेल तर ती गाळू नये. म्हणजे वाचक आपापल्या गावापुरता हिशेब स्वतः मांडू शकेल. एप्रिल ते जूनचा पुढचा अंदाज मार्चअखेरीस येतो; ही चौकट त्या बातमीपासूनच सुरू करता येईल.

आपली नम्र,
एक वाचक, सहकारनगर, पुणे