‘फक्त’ एक हजार दहा!

महोदय,

रविवारच्या पुरवणीतील विषाणू आणि गणितावरच्या लेखासोबत दिलेल्या चौकटीत, एचआयव्हीची लागण झालेल्या माणसाच्या शरीरात दररोज ‘फक्त १०१० विषाणू’ तयार होतात, असे छापले आहे. मूळ आकडा दहाचा दहावा घात, म्हणजे एक हजार कोटी, असा आहे. घातांक ओळीवर घसरला, हे मी समजू शकतो. एकतीस वर्षे महाविद्यालयात गणित शिकवताना उत्तरपत्रिकांत असे पुष्कळ घातांक घसरलेले पाहिले आहेत. परंतु ‘फक्त’ हा शब्द ज्यांनी पदरचा घातला, त्यांचे कौतुक करावे तेवढे थोडेच.

१९९६ साली ॲलन पेरेल्सन आणि डेव्हिड हो या संशोधकांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी एचआयव्हीच्या पाच रुग्णांना औषध देऊन रक्तातील विषाणूंची संख्या कशी उतरते ते मोजले आणि त्या उतारावर समीकरणे बसवली. विषाणू साधारण सहा तासांत निम्मे होतात आणि तरीही उपचारापूर्वी संख्या स्थिर असते, याचा अर्थ जितके नष्ट होतात तितकेच रोज नव्याने तयार होतात. एवढ्या नकला होताना चुकाही होतात, आणि त्यांतून एखाद्या औषधाला दाद न देणारा विषाणू रोजच निपजतो. तीन औषधांना एकदम चकवणारा मात्र सहसा निपजत नाही. तीन औषधे एकत्र देण्यामागचे इंगित हे आहे. दोन-तीन वर्षांच्या उपचाराने विषाणू समूळ जाईल, ही १९९७ मधली आशा विषाणू दडवून ठेवणाऱ्या सुप्त पेशींनी फोल ठरवली, हेही मान्य. पण म्हणून, लेखात म्हटल्याप्रमाणे, करोनाच्या लाटांचे अंदाज आणि हे गणित एकाच माळेचे मणी ठरत नाहीत. तिथे माणसे मोजली जातात, इथे एका माणसाच्या शरीरातले विषाणू.

‘असल्या समीकरणांचा सामान्य रुग्णाला काय उपयोग?’ असा सवाल लेखकाने शेवटी केला आहे. ऑगस्ट २००९ मध्ये पुण्यात स्वाइन फ्लूची साथ असताना माझा मुलगा तापाने फणफणला होता. टॅमिफ्लू ही त्यावरची गोळी तेव्हा औषधांच्या दुकानात मिळत नसे. ज्या रुग्णालयात आम्ही तोंडाला रुमाल बांधून पाच तास रांगेत उभे राहिलो, तिथे घशातील स्राव घेतला आणि ‘रिपोर्ट आल्याशिवाय गोळी नाही’ असे सांगून घरी पाठवले. रिपोर्ट चौथ्या दिवशी आला. हे औषध पेशीतून नवे विषाणू सुटू देत नाही, त्यामुळे ते लक्षणे दिसल्यापासून ४८ तासांत सुरू झाले तर त्याचा खरा फायदा. फ्लूच्या विषाणूंची संख्या लागण झाल्यापासून दोन-तीन दिवसांतच शिखर गाठते आणि पुढे आपोआप उतरू लागते. चौथ्या दिवशी मिळालेली गोळी म्हणजे वरात गेल्यावर वाजवलेला बँड होता. मुलगा बरा झाला; त्याचे श्रेय मी गोळीला देत नाही. रुग्णालयाच्या खिडकीपलीकडच्या गृहस्थांना विषाणूंच्या या चढउताराचा आलेख काढून दाखवावा असे मला त्या वेळी फार वाटले होते, परंतु मागे रांग होती.

त्याच पानावर, या लेखाच्या शेजारीच, आपले साप्ताहिक राशिभविष्य आहे. गणिताच्या अंदाजांची एवढी झाडाझडती घेणाऱ्या आपल्या दैनिकाने त्या स्तंभाचा ताळा कधी घेतल्याचे मला स्मरत नाही.

दुरुस्ती छापणार असाल, तर ती आतल्या पानाच्या तळाशी बारीक टायपात नको, ‘फक्त’ ज्या आकाराच्या चौकटीत होता त्याच आकारात द्यावी, ही विनंती. घातांक वर चढवणे छपाईत जमत नसेल, तर सरळ अक्षरांत ‘एक हजार कोटी’ असे लिहावे.

आपला,
एक निवृत्त प्राध्यापक, पुणे