दोन भोकांबद्दल गप्प बसलेल्या काकांना

काका,

तुमचं नाव इथे लिहीत नाही, लिहिलं तर चिडाल. फोनवर वाचत बसणाऱ्यातले तुम्ही नाही, पण कोणीतरी वाचून दाखवेलच.

काल बोट पाण्यात घातली, इंजिन फुल्ल सोडलं आणि मी पुढे बघायचं सोडून मागे ट्रान्समकडेच, म्हणजे बोटीच्या मागच्या भिंतीकडेच, बघत बसलो. हलला नाही! आधी थ्रॉटल दिला की इंजिनासकट अख्खी मागची भिंत श्वास घेतल्यासारखी आतबाहेर व्हायची. बाबा ओरडले, अरे पुढे बघ, आपटशील कुठेतरी. तेव्हाच ठरवलं की हे लिहायचं.

ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. फायबरची बोट म्हणजे सगळं फायबरच असं आपल्याला वाटतं, मलाही वाटायचं. पण जिच्यावर आउटबोर्ड इंजिन लटकतं त्या मागच्या भिंतीच्या पोटात बऱ्याच बोटींमध्ये प्लायवूड असतं, दोन्हीकडून फायबरची कातडी चढवलेली. एखाद्या भोकातून पाणी आत शिरलं की मग ना ऊन ना वारा, पाणी तिथेच मुरतं आणि बुरशीची चंगळ होते. वरून सगळं चकाचक. आमच्या ट्रान्समच्या कोपऱ्यांना केसासारख्या बारीक चिरा पडल्या होत्या, त्या मी दोन सीझन रंगाखाली दडपल्या, आपण शहाणे ना.

तुमच्या आधी तिघांना दाखवलं. पहिल्याने बाहेरून भोकं पाडून पातळ रेझिन ओतलं आणि छातीठोक सांगितलं की आता लाकूड दगड होणार. ओल्या कुजक्या लाकडात रेझिन जातंय कुठे, भोकांच्या आजूबाजूला थोडं कडक झालं आणि बाकीचं होतं तसंच. दुसऱ्याने उघडायचे कष्टही घेतले नाहीत, आतल्या बाजूने जुन्या रंगावरच फायबरची मॅट आणि पॉलिएस्टर रेझिन थापलं, ते दोन महिन्यांत खपलीसारखं सुटून आलं. तिसरा तर थोरच. बोटीला हातही न लावता बाबांच्या तोंडावर म्हणाला, भंगारात द्या हो ही. बाबा त्या दिवशी जेवले नाहीत. पैसे तिघांनीही घेतले, तिसऱ्याने नुसतं बघायचे.

मग तुम्ही आलात. हातोडी उलटी धरून दांड्याने ठोकायला लागलात, टक टक टक, आणि मधेच थप्प. मला म्हणालात डोळे मिट आणि ऐक. मी आजवर त्या बोटीला शंभर वेळा पाणी मारून पुसलं असेल, पण ती कधी ऐकली नव्हती. टक संपून थप्प सुरू होतं तिथे तुम्ही पेन्सिलने रेघ मारत गेलात आणि शेवटी कोपऱ्यातला एक तुकडा सोडून सगळा ट्रान्सम रेघेच्या आत आला. तुम्ही तोंड वाकडं केलं नाहीत, 'फार उशीर केलात' वगैरेही नाही. फक्त म्हणालात, बाहेरची कातडी चांगली आहे, ती ठेवू, आतून उघडू.

उघडल्यावर काय निघालं ते मी विसरणार नाही. काळा लगदा, हाताने ओढून काढला, मुठीत दाबला की पाणी गळायचं. आणि ती कूज कुठून सुरू झाली ते न शिकलेल्यालाही दिसत होतं, दोन भोकांपासून सुरू होऊन खाली आणि बाजूला पंख्यासारखी पसरत गेलेली. काका, ती भोकं माझी होती. सहा वर्षांपूर्वी एका रविवारी फिश फाइंडरचा, म्हणजे मासे शोधायच्या यंत्राचा, पाण्यात राहणारा ट्रान्सड्यूसर (सेन्सर) बसवायला पाण्याच्या रेषेखाली दोन स्क्रू मारले होते, सीलंट न लावता, कारण सीलंटची ट्यूब वाळली होती आणि दुसरी आणायचा मला कंटाळा आला होता. बस, एवढंच कारण.

बाबा मागेच उभे होते. त्यांनी विचारलं, पण पाणी शिरलं कुठून? तुम्ही भोकांकडे बघितलंत, मग माझ्याकडे. एक सेकंद असेल. माझ्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. आणि तुम्ही म्हणालात, "बोट जुनी झाली की पाणी वाट काढतंच दादा, लाकूड आहे शेवटी." बाबांनी मान डोलावली आणि विषय संपला.

मी हे पत्र त्या एका वाक्यासाठी लिहितोय. बाकीचं काम तुम्ही झकासच केलंत, त्यावर लिहायचं तर लिहीतच बसेन. कडा नीट कोरड्या होईपर्यंत किती दिवस थांबवलंत, मी घाई केली तर म्हणालात की ओल्यावर चिकटवायचं असेल तर आधीच्याला बोलाव. घासताना मला मास्क आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घातल्याशिवाय जवळ येऊ दिलं नाहीत, तरी दोन दिवस मान खाजली. जुन्या फायबरला आणि लाकडाला दोघांनाही पकडायचं तर इपॉक्सीच, पॉलिएस्टर लाकडाला नीट धरत नाही हे सांगितलंत. प्लायचे दोन थर क्लॅम्पमध्ये आवळताना मी जोर लावला तर माझ्या हातावर चापट मारलीत, जास्त आवळलंस तर सगळं रेझिन बाहेर येईल आणि सांधा कोरडा पडेल.

पण बरोबर असणारी माणसं मी खूप बघितलीत. आमच्या ऑफिसात असं झालं असतं तर कुणाची चूक ते दहा जणांना कॉपीत ठेवून मेल गेला असता, आणि खोटं कशाला बोलू, कधीकधी तो मेल मीच पाठवलाय. समोरच्याची चूक हातात स्पष्ट दिसत असताना ती त्याच्या बापासमोर खिशात घालणारा माणूस मला तरी पहिल्यांदा भेटला. मला ओळखतही नव्हतात तुम्ही.

आणि सगळ्यात शेवटी, काम आटोपल्यावर, बाबा हात धुवायला गेले तेव्हा तुम्ही ट्रान्समच्या बाहेरच्या बाजूला प्लास्टिकची एक छोटी जाड पट्टी चिकटवलीत. मी विचारलं हे काय. म्हणालात, पुढच्या वेळी कुणाला स्क्रू मारायची हौस आली तर यात मारायचे, आखूड मारायचे, म्हणजे लाकडाला लागणारच नाहीत. आणि हसलात. तेवढंच. माझी जुनी दोन भोकं तर तुम्ही आधीच मोठी करून इपॉक्सीने भरली होती, आता बोट फिरवून शोधली तरी सापडत नाहीत.

काल पाण्यातून परत आल्यावर राहवलं नाही, बाबांना सगळं सांगून टाकलं. स्क्रू, वाळलेली ट्यूब, तुमचं ते वाक्य, सगळं. ते बराच वेळ दोरी गुंडाळत राहिले. मग म्हणाले, "त्यांना विचार पुन्हा कधी मोकळे आहेत. पुढच्या हॅचच्या झाकणाच्या बिजागऱ्या पण तूच बसवल्या होत्यास."

मी आज सकाळी हातोडीच्या दांड्याने ठोकून बघितलं काका. थप्प वाजतंय. कधी येताय?