बाबांच्या ओव्हरटाइमच्या प्रश्नाचं उत्तर

डॅलस, फेब्रुवारी

तीर्थरूप आई-बाबांस,
सा. नमस्कार.

मी मजेत आहे. आई, दोन्ही वेळ नीट जेवते आणि रात्री मैत्रिणीच्या गाडीतून घरी येते. त्याची काळजी सोड.

बाबा, तुम्ही फोन ठेवताना म्हणालात, "ठरलेल्या पगारात रात्रीपर्यंत राबवून घेतात तुला." तसं नाही हो. इथे टॅक्स रिटर्न १५ एप्रिलपर्यंत भरायचं असतं, म्हणून जानेवारीपासून आमच्या हिशेबाच्या ऑफिसात गर्दी. उन्हाळ्यात काम ओसरतं. पगार बांधलेला असला म्हणून ओव्हरटाइम बुडत नाही. १९३८ च्या केंद्रीय कायद्याने अशा ऑफिसात तो टाळायचा तर पगार आठवड्याला निदान ६८४ डॉलर हवा, शिवाय काम खरोखर अधिकाराचं किंवा खास शिक्षणाचं हवं. आमच्या सीपीए (म्हणजे आपल्याकडच्या सीएसारख्या) सरांना म्हणून काही मिळत नाही. मी नोंदी करते, मला मिळतो.

आता हिशोब. वागळे इस्टेटला तुम्हाला आठवड्याच्या ४८ तासांवर दुप्पट मिळायचा. इथे ४० तासांवर दीडपट. पण काम हंगामी, त्यामुळे माझं आधीच ठरलंय: आठवड्याचे ९६० डॉलर, तास कमी भरोत की जास्त. ४८ तास झाले की तासाला २० पडले. तेवढे सगळ्या तासांचे पगारातच आले, म्हणून वरच्या ८ तासांना अर्धा दर, १० प्रमाणे ८० डॉलर जादा. ६० तास झाले तर दर १६ वर उतरतो, त्याचा अर्धा ८, आणि २० तासांचे जादा १६० च. पगार ४० तासांपुरता धरला असता तर तासाला २४ पडले असते, आणि ४८ तासांनाच दीडपट ३६ प्रमाणे २८८ जादा आले असते. तुम्हाला हे खटकणार, मलाही खटकतं. पण जुलैत ३० तास भरले तरी पूर्ण ९६० येतात, त्यातून काही कापता येत नाही. आणि या आठवड्याचे ५०, पुढचे ३०, म्हणजे सरासरी ४० असं मालकाला दाखवता येत नाही, प्रत्येक आठवडा वेगळा मोजावा लागतो. तास मी रोज वहीत लिहिते, ही सवय तुमचीच. मला कोणी फसवत नाहीये, बाबा.

दादाच्या साखरपुड्याला मी नसेन. मार्चमध्ये इथून कोणालाच सुट्टी नाही. पाहुण्यांना काय सांगायचं ते तुम्ही ठरवा, मी आदल्या दिवशी वहिनीशी स्वतः बोलेन. तिच्या पैठणीचे पैसे माझ्याकडून, ओव्हरटाइमचेच आहेत, नाही म्हणू नका. घराच्या हप्त्याबरोबर पाठवते. लग्न मात्र मेमध्येच धरा, हॉल नौपाड्यात मिळाला नाही तर कळव्याला बघा, पण तारीख पुढे-मागे करू नका. मी नक्की येते.

आणि घोडबंदरच्या स्थळाला एवढ्यात शब्द देऊ नका. आल्यावर समोर बसून बोलू.

तुमची,
चिऊ