तुझ्या घोडीच्या आवडीनिवडी

प्रिय अनंता,

सप्रेम नमस्कार.

सारंगखेड्याच्या यात्रेत घोडी घेतलीस हे वाचून फार आनंद झाला. कुमैत रंग आणि चारही पाय पांढरे, म्हणजे तुझ्या मनातलीच मिळाली.

पण मळ्यातली उरलेली भाजी तिला पाटीभर घालतोस, हे वाचलं आणि लगेच लिहायला बसलो. कोबी आणि फ्लॉवर आधी बंद कर. त्याने आतड्यात वायू धरतो. तुझ्या म्हशीला पचतं म्हणून घोडीला पचेल असं नाही. म्हैस रवंथ करते. घोड्याचं पोट अंगाच्या मानाने लहान असतं, चारा आंबवायचं काम मागच्या मोठ्या आतड्यात चालतं, आणि नको ते पोटात गेलं तर घोड्याला उलटी करता येत नाही. पोटशूळ उठला की जनावर लोळतं, पाय झाडतं. बघवत नाही रे. कांदा तर चुकूनही नको, त्याने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. बटाटा आणि टोमॅटो-वांग्याचा पालाही तिच्या तोंडाला लागू देऊ नकोस.

गाजर खुशाल दे, पण चकत्या करू नकोस. गोल तुकडा घशाखाली अडकतो, म्हणून बोटासारखे लांब, उभे काप कर. बीट, काकडी, कलिंगडाची साल, लाल भोपळ्याची फोड हेही चालेल. सगळं मूठ-दोन मूठच. पोट भरायचं ते गवताने आणि कडब्याने. गुळाचा खडा मात्र रोज नको. जादा गोडाने खुरांच्या आत दाह होतो आणि त्यातून जनावर कायमचं लंगडं होऊ शकतं.

आता तुला आवडेल अशी गोष्ट सांगतो. इंग्लंडमध्ये साउथॅम्प्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी घोड्यांना वेगवेगळ्या स्वादांचं खाणं देऊन पाहिलं. 2005 साली तो अभ्यास छापून आला. पहिला नंबर कुणाचा असेल? मेथीचा! मग केळं, चेरी, रोझमेरी, त्यानंतर आपलं जिरं, आणि गाजर थेट सहावं. ज्या देशात घोडा म्हटलं की गाजर पुढे करतात, तिथल्या घोड्यांनी मेथी-जिरं निवडलं. मला हे वाचून मनापासून बरं वाटलं. अर्थात तिथे प्रश्न स्वादाचा होता, म्हणून मेथीच्या जुड्या नेऊन टाकू नकोस. चंदीत, म्हणजे दाण्याच्या खुराकात, चिमूटभर मेथीची पूड मिसळून बघ. औषध द्यायचं असेल तेव्हाही त्या पुडीच्या स्वादात ते लपवता येईल, नाहीतर वरच्या ओठाने घोडा तोंडाला बांधलेल्या तोबऱ्यातला नकोसा कण नेमका बाजूला सारतो.

तरी प्रत्येकाची जीभ वेगळी. कुणी केळं सालीसकट खातो, कुणी वास घेऊन तोंड फिरवतो. पहिल्यांदा नाकारलं तर जबरदस्ती करू नकोस. ओळख नसलेल्या खाण्याला घोडा बिचकतोच. थोडं थोडं पुढे करत राहा.

हातावर देताना तळवा सपाट ठेव, अंगठा मिटून. तोंडापुढचं अगदी जवळचं तिला दिसत नाही. ओठांवरच्या लांब केसांनीच ती चाचपते. देखणी दिसावी म्हणून कुणी ते केस कापायला निघाला तर कापू देऊ नकोस. आणि मुलांना सांग, खाऊ घमेल्यातच टाकायचा. हाताची सवय लागली की घोडी खिसे हुंगते, मग चावते.

एक राहिलं. गाजर आवडीने तोंडात घेऊन अर्धवट चावलेलं खाली टाकत असेल, तर नावडतं समजू नकोस. घोड्याचे दात आयुष्यभर वर येत राहतात, दाढांच्या कडा धारदार होतात आणि गाल सोलतात. जनावरांच्या डॉक्टरांना बोलावून तोंड उघडून दाखव, कडा कानशीने घासून घे. हे काम या महिन्यातच कर.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
विनायक